खोट्या फिल्ममधले खरे चेहरे

१९४४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाझींनी टेरेझिनच्या ज्यू छावणीत एक प्रचारपट शूट करून घेतला. फुटबॉल मॅच, वाचनालय, मुलांचं संगीतनाटक; सगळे मजेत. दिग्दर्शक कुर्ट गेरॉन स्वतःच कैदी. ऑक्टोबर संपेपर्यंत तिथून १८ हजारांहून अधिक लोक ऑशविट्झला पाठवले गेले. गेरॉनही तिथेच मारला गेला.

मग ही फिल्म पुरावा म्हणून बाद? मला नाही वाटत. छावणीतल्या जगण्याबद्दल ती खोटं बोलते. पण नाझींना जगापासून काय लपवायचं होतं, ते नेमकं दाखवते. शिवाय चेहरे खरे आहेत. उरलेले तुकडे मी आता आवाज बंद करून बघतो, आणि शेजारी ऑशविट्झला गेलेल्यांच्या याद्या ठेवतो. निवेदक गाळतो ते त्या याद्या सांगतात.