आरोपित खेळाडू आणि आमचे क्रीडालेखन

मराठीतील क्रीडालेखनाकडे आमच्या समीक्षकांनी वाङ्मय म्हणून फारसे पाहिलेले नाही. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे समालोचन मराठीतून करून त्या परक्या खेळाला मराठी शब्द मिळवून दिले, वि. वि. करमरकरांनी दैनिकात खेळाला हक्काचे पान मिळवून दिले. बडोद्याच्या करंदीकर-मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश तर दहा खंडांचा आहे. म्हणजे सामग्रीची वाण नाही. ती कसोटीस लावण्याची इच्छा मात्र दिसत नाही. या लेखात आम्ही या लेखनाच्या एकाच अंगाचा विचार करणार आहोत. एखाद्या व्यावसायिक खेळाडूवर फौजदारी आरोप आला म्हणजे त्याच्या कारकिर्दीचे काय होते, आणि ते होत असताना मराठी लेखणी काय करते, हा आमचा प्रश्न. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. आमच्या क्रीडालेखनापाशी पराक्रमाची भाषा आहे आणि पातकाचीही आहे. परंतु आरोप आणि निर्णय यांच्यामध्ये जी वर्षे जातात, त्या वर्षांची भाषा त्याच्यापाशी नाही. खेळाडूची कारकीर्द बहुधा त्याच वर्षांत संपते.

बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. कर्नाटक प्रीमियर लीग या स्पर्धेत बेळगावी पँथर्स नावाचा संघ खेळत असे आणि २०१७ साली तो विजेताही झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये या संघाच्या मालकास सट्टेबाजीच्या प्रकरणी अटक झाली. तपास पुढे सरकला, आणि ७ नोव्हेंबर २०१९ रोजी बल्लारी टस्कर्सचा कर्णधार, यष्टिरक्षक सी. एम. गौतम आणि त्याचा सहकारी अब्रार काझी यांना पकडण्यात आले. त्या वर्षी हुबळी टायगर्सशी झालेल्या अंतिम सामन्यात पैसे घेऊन संथ फलंदाजी केली, असा आरोप होता. गौतम त्या हंगामापुरता कर्नाटक सोडून गोव्याकडून खेळणार होता. अटकेची वार्ता येताच गोव्याच्या संघटनेने त्याच्याशी केलेला करार संपवला. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता.

१० जानेवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे आरोपपत्र रद्द केले. न्यायालयाने दिलेले कारण शिक्षकांनी लक्ष देऊन वाचावे असे आहे. सामन्यात अशी लबाडी झाली, तर त्यातून खेळाडूची अप्रामाणिकता, बेशिस्त आणि मनाचा भ्रष्टपणा दिसेल; परंतु भारतीय दंडसंहितेच्या ४२० व्या कलमातील फसवणूक तीतून सिद्ध होत नाही, कारण प्रेक्षक तिकीट आपखुशीने विकत घेतो. शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार क्रिकेट मंडळाचा आहे, असेही न्यायालयाने म्हटले. थोडक्यात, हे कृत्य झाले की नाही हे ठरलेच नाही. झाले असते तरी तो या कलमाखालचा गुन्हा नव्हे, एवढेच ठरले. आता हा अर्थ दोन ओळींच्या बातमीत कसा बसावा? तो बसत नाही. मग 'क्लीन चिट' हा इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून आमचा वार्ताहर मोकळा होतो, आणि वाचक समजायचे ते समजतो. त्या स्पर्धेचेही नाव गेले. २०२२ साली ती महाराजा ट्रॉफी म्हणून नव्याने सुरू झाली. तिच्या सहा संघांत बेळगावचा संघ नव्हता.

आता शब्दांकडे वळू. मराठीत ज्याच्यावर आरोप आहे त्याला 'आरोपी' म्हणण्याचा प्रघात आहे. व्याकरणाने त्यात वावगे काही नसेल. हिंदीतील काही शुद्धतावादी मात्र या शब्दाला हरकत घेतात आणि 'आरोपित' किंवा 'अभियुक्त' म्हणावे असा आग्रह धरतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. दोषी, अपराधी, पापी, लोभी या शब्दांच्या रांगेत 'आरोपी' उभा राहिला की कानाला तो त्यांचाच भाऊ वाटतो. दोष ज्याच्या ठायी आहे तो दोषी, तसा आरोप ज्याच्या ठायी आहे तो आरोपी. म्हणजे आरोप ही बाहेरून कुणी ठेवलेली वस्तू राहत नाही, ती त्या माणसाचा गुणधर्म होऊन बसते. सीमाभागात कानडी दैनिके वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे की त्या भाषेतही 'आरोपी' आणि 'अपराधी' हे दोन्ही शब्द चालतात आणि बोलताना एकमेकांत मिसळतात. तेव्हा हा दोष एकट्या मराठीचा आहे असे समजून स्वतःस फार बोल लावून घेऊ नये.

सर्वनामाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मराठीत मंत्र्याला 'ते' म्हणतात, खेळाडूला 'तो'. हा 'तो' प्रेमाचा आहे; घरच्या मुलाला आपण अहोजाहो करीत नाही. गुन्ह्याच्या बातमीतही पकडलेल्या माणसाला 'तो'च म्हणतात, पण तेथे 'तो' म्हणजे मान काढून घेतल्याची खूण असते. खेळाडू पकडला गेला म्हणजे एक विलक्षण गोष्ट घडते: वाक्यातील एक अक्षरही न बदलता माया निघून जाते आणि तुच्छता येऊन बसते. काल 'त्याने चेंडू टाकला', आज 'त्याने पैसे घेतले'. एखाद्या पुढाऱ्यावर आरोप आला तर 'त्यांनी पैसे घेतल्याचा आरोप आहे' असे सावध वाक्य लिहिले जाते. खेळाडूच्या वाट्याला ही सावधगिरी क्वचितच येते.

अंकित चव्हाणचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज. जानेवारी २०१३ मध्ये सेनादलाविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात त्याने एका डावात २३ धावांत ९ बळी घेतले. त्या मोसमात मुंबईने आपले चाळिसावे रणजी विजेतेपद मिळवले. चारच महिन्यांनी, १६ मे २०१३ रोजी, दिल्ली पोलिसांनी त्याला श्रीशांत आणि अजित चंडिला यांच्यासह अटक केली. आदल्याच दिवशी वानखेडे मैदानावर राजस्थान रॉयल्सकडून खेळताना टाकलेल्या एका षटकात ठरवून धावा दिल्या, असा त्याच्यावर आरोप होता. फसवणूक आणि कट यांच्या कलमांबरोबर संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 'मोक्का' हा महाराष्ट्राचा कायदाही लावण्यात आला. तो दिल्लीसही लागू आहे. विवाहापुरता त्याला जामीन मिळाला. त्या विवाहाविषयी बरेच हळवे लेखन झाले. आमच्या मते हा हळवेपणा धिक्काराचीच दुसरी बाजू होय. दोन्ही प्रकारच्या लेखकांना माणूस नको असतो, प्रसंग हवा असतो.

१३ सप्टेंबर २०१३ रोजी मंडळाने चव्हाण आणि श्रीशांत यांच्यावर आजन्म बंदी घातली. २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने या प्रकरणातील ३६ जणांना आरोपमुक्त केले. पोलीस या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. मंडळाने बंदी उठवली नाही.

येथे एक भेद आहे, आणि तो आमच्या लेखनातून जवळजवळ नाहीसा झालेला आहे. 'आरोपमुक्त' आणि 'दोषमुक्त' हे समानार्थी शब्द नव्हेत. साक्षीपुरावे होऊन, खटला चालून जो सुटतो तो दोषमुक्त. खटला चालवण्यापुरतेही साहित्य समोर नाही म्हणून ज्याच्यावरचा आरोप उंबरठ्यावरच थांबतो तो आरोपमुक्त. आमच्याकडच्या कुस्तीच्या फडातील माणसाला हे चटकन समजेल. निकाली कुस्ती मारून मल्ल हौद्याबाहेर पडतो ती एक गोष्ट, आणि जोडच लागत नाही म्हणून पंच दोघांनाही माघारी पाठवतात ती दुसरी. दुसऱ्या प्रकारात कोणी हरत नाही हे खरे. पण कोणाच्या खांद्यावर गुलालही पडत नाही. दोहोंसाठी 'निर्दोष सुटका' हा एकच शब्दप्रयोग वापरणारा लेखक वाचकास जे सांगतो ते अपुरे असते. पुढे बंदी तशीच राहिल्याचे वाचून वाचकाला वाटते की मंडळ न्यायालयाला जुमानत नाही. तसे नव्हते. फौजदारी न्यायालय शंकेला जागा न ठेवणारा पुरावा मागते. संघटना आपल्या नियमांनुसार अधिक संभाव्य काय याचा विचार करते. मापे दोन आहेत. १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या प्रकरणी जो निर्णय दिला त्यात हीच दोन मापे वेगळी ठेवलेली दिसतात. संघटनेने काढलेला दोषाचा निष्कर्ष न्यायालयाने कायम ठेवला, आजन्म बंदी मात्र अतिरेकी ठरवून शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले. ऑगस्ट २०१९ मध्ये लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी श्रीशांतची बंदी सात वर्षांवर आणली. चव्हाणला हेच माप लागू होण्यास मे २०२१ उजाडला. तोवर सात वर्षे उलटून गेली होती आणि तो पस्तिशी ओलांडून पुढे आला होता.

आम्ही चव्हाणचे वकीलपत्र घेतलेले नाही. संघटनेला आपले घर स्वच्छ ठेवण्याचा अधिकार आहे आणि तो तिने वापरावा. पण एका प्रश्नाचे उत्तर मराठी क्रीडालेखनाने द्यायला हवे होते, ते कुठे दिले गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. २०१३ ते २०२१ या काळात हा गोलंदाज नेमका कोण होता? कायद्याने गुन्हेगार नव्हे, खेळाच्या दृष्टीने बहिष्कृत, आणि वाचकांच्या लेखी केवळ एक जुनी बातमी.

परदेशचे तीन दाखले येथे उपयोगी पडतील. पाकिस्तानचा महंमद आमिर याने लंडनच्या न्यायालयात अपराध कबूल केला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पाच वर्षांची बंदी भोगून तो २०१६ साली परत आला आणि २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताविरुद्ध त्याने तीन बळी घेतले. इंग्लंडचा बेन स्टोक्स सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यावरील मारामारीत सापडला, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यास मुकला, ऑगस्ट २०१८ मध्ये पंचांच्या निकालाने सुटला. नंतर संघटनेने त्याला आठ सामन्यांची बंदी घातली, पण तेवढे सामने त्याचे आधीच चुकलेले असल्याने ती भोगून झाली असे धरण्यात आले. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा तो मानकरी ठरला. मुहम्मद अलीची कथा याहून कठोर. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याच दिवशी, कोणत्याही न्यायालयाने शिक्षा करण्यापूर्वी, त्याचे अजिंक्यपद आणि मुष्टियुद्धाचा परवाना जाऊ लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती २८ जून १९७१ रोजी. पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची त्याची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली होती. या तिघांत कबुली देणारा आमिर तेविसाव्या वर्षी परतू शकला, आणि आमचा आरोपमुक्त गोलंदाज पस्तिशीनंतर. न्यायाचे माप सर्वत्र सारखे नसते हे मान्य. पण कारकिर्दीची लांबी मात्र सर्वत्र जवळपास सारखीच असते.

आम्ही शिक्षक आहोत. आमच्या व्यवसायात निलंबित झालेला माणूस पुढे निर्दोष ठरला तर रुजू होऊ शकतो, थकलेला पगारही त्याला मिळू शकतो. खडू हातात धरायला पन्नाशीही आड येत नाही. फिरकी गोलंदाजाच्या बोटांना थकबाकी देण्याची सोय कोणत्याही नियमावलीत नाही. मल्लांच्या बाबतीत तर आमच्या भागात आणखी एक गुंतागुंत आहे. तालमीत वस्ताद पोराला डाव शिकवतो त्याबरोबर लंगोटाचा पक्केपणाही शिकवतो. म्हणून मल्लाकडून लोकांची अपेक्षा केवळ ताकदीची नसते. दोन ऑलिंपिक पदके मिळवलेला सुशील कुमार मे २०२१ मध्ये एका तरुण मल्लाच्या खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला उच्च न्यायालयाने जामीन दिला, ऑगस्टमध्ये तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ज्या पोरांनी तालमीच्या भिंतीवर त्याचा फोटो लावला होता त्यांना वस्तादाने काय सांगावे? आरोप गंभीर आहे, मृत तरुणाचे आईबापही आहेत. तेव्हा चव्हाणच्या तराजूत हे प्रकरण तोलता येणार नाही. आमच्या क्रीडालेखनाला मात्र चेंडूच्या व्यवहाराचा आरोप आणि मनुष्यवधाचा आरोप यांसाठी 'कलंक' हा एकच शब्द पुरतो.

१९६७ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाची आठवण येथे अपरिहार्य आहे, आणि त्यातील नायिका शिक्षिका असल्याने आमच्या वाचकांना ते विशेष जवळचेही असेल. तेथे एका खेळाचे न्यायालय होते. खोटा खटला हळूहळू खरा होत जातो. येथे न्यायालयाचा खेळ होतो. पण तेंडुलकरांनी बेणारेबाईंना एक दीर्घ स्वगत दिले. ते भोवतालच्या कोणालाही ऐकू जात नाही, प्रेक्षकांना मात्र जाते. आरोपित खेळाडूचे असे स्वगत मराठीत कोणी लिहिल्याचे आम्हांस माहीत नाही. आत्मसमर्थनाची मुलाखत निराळी. तिच्यात वकिलाचा सल्ला बोलत असतो. सकाळी उठून सराव करायचा, आणि कोणत्या सामन्यासाठी करायचा हे माहीत नसायचे, हा अनुभव वाङ्मयाचा विषय आहे. आमच्या ग्रामीण कथाकारांनी तुरुंगातून सुटून आलेला शेतकरी लिहिला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे भाऊबंद लिहिले. हा मनुष्य अजून कोरा आहे.

तूर्त एक लहान सूचना. मराठी दैनिकांनी व पाठ्यपुस्तकांनी 'आरोपी'च्या जागी 'आरोपित' लिहावे, आणि 'आरोपमुक्त' व 'दोषमुक्त' हे शब्द ज्याच्या त्याच्या जागी ठेवावेत. यावर हरकत अशी येते की मथळ्याच्या एका स्तंभात 'आरोपमुक्त' हा शब्द मावत नाही. आम्ही दोन्ही शब्दांची अक्षरे मोजून पाहिली. 'निर्दोष सुटका' या मथळ्याला त्याहून अधिक जागा लागते.