मुद्रेची साक्ष आणि सुरक्षा-टोकन

संगणकजालाच्या व्यवस्थापनाची माहिती, म्हणजे कोणते यंत्र कोठे आहे, त्याची मांडणी कशी आहे, कोणास कोणता अधिकार आहे हे सारे, ज्या सुरक्षा-टोकनाच्या आधारे राखले जाते त्यास ‘मुद्रा’ म्हणण्याचा मोह मराठी लेखकास सहज होतो. ही उपमा निरर्थक नाही. मात्र ती अर्ध्यावर सोडली जाते.

हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत व श्रीवर्धन हे त्यांचे मूळ गाव. येथील भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथास १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले. पेशव्याच्या मुद्रेवर आधी शाहू छत्रपतींचे नाव, मागून पेशव्याचे. अधिकार देणारा कोण आणि धारण करणारा कोण, हे दोन्ही एकाच ठशात आले. टोकनातही हीच दोन नावे असतात. मुदत तेवढी अधिक. पत्राअखेरची मोर्तब लेखनाची सीमा दाखवी. टोकनावरील अंकीय स्वाक्षरीही, मागाहून काही घुसडल्यास ते उघड करते.

येथवर उपमा ठीक. परंतु १७४९ मध्ये शाहू निवर्तले आणि मुद्रेवर रामराजांचे नाव आले. पुढच्याच वर्षी ताराबाईंनी रामराजांस साताऱ्यास कैदेत टाकले. तरी माधवरावांच्या (१७६१–७२) मुद्रेवर नाव त्यांचेच! शिक्का अस्सल खरा. पण त्या धन्याची आज संमती आहे काय, हे शिक्का सांगू शकत नाही. २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या जेडब्ल्यूटी टोकनाचे वैगुण्य नेमके हेच. सर्व्हर स्वाक्षरी पडताळतो. देणाऱ्यास पुन्हा विचारीलच असे नाही. सकाळी ज्याचा अधिकार काढला, त्याचे टोकन मुदत संपेतो चालू शकते. त्यातून ते धारकाधिष्ठित असले, तर ज्याच्या हाती तोच धनी. (एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत तर परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जात असे, तिसरीत ओळख-पडताळणी व गुप्तलेखन आले.)

म्हणून माहिती वाचण्याचे व यंत्राची मांडणी बदलण्याचे टोकन निराळे असावे, आणि बदलाच्या वेळी देणाऱ्यास दर खेपेस विचारावे, असे आमचे मत आहे. यावर आक्षेप रास्त आहे: टोकन देणारा सर्व्हरच बंद पडला, तर दुरुस्ती करणाराच दाराबाहेर राहील. त्यासाठी एक आपत्कालीन वाट ठेवावी लागेल, आणि तिच्या प्रत्येक वापराची नोंद त्या यंत्राबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात असावी लागेल.