थेंबाएवढा कण? मायक्रोइमल्शनच्या एका लाडक्या चित्राबद्दल

मायक्रोइमल्शनने नॅनोकण बनवण्यावरचा कुठलाही रिव्ह्यू पेपर उघडा, एक चित्र हमखास सापडेल. तेलात पाण्याचे गोल थेंब, प्रत्येकाभोवती सरफॅक्टंटच्या शेपट्या, आत एकेक कण. सोबत दावा: थेंब म्हणजे नॅनोरिअ‍ॅक्टर, जेवढा थेंब तेवढा कण. शिवाजी विद्यापीठाची पेट पास होऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हे चित्र चिकटवण्याआधी जरा थांबा. चित्र देखणं आहे, पण हिशोबात बसत नाही.

हिशोब करूनच बघू. एओटी हे नेहमीचं सरफॅक्टंट घ्या. पाणी आणि एओटी यांचं मोलर गुणोत्तर १० ठेवलं, तर पाण्याच्या गाभ्याची त्रिज्या साधारण १.५ नॅनोमीटर येते, म्हणजे घनफळ सुमारे १४ घन नॅनोमीटर. त्या पाण्यात ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट असेल, तर एका थेंबात चांदीचे आयन किती? सरासरी ०.८५. पुरता एक आयनसुद्धा नाही! आणि थेंबाएवढाच, ३ नॅनोमीटर व्यासाचा चांदीचा कण हवा तर अणू लागतात सुमारे ८३०. हजारेक थेंबांनी वर्गणी काढल्याशिवाय एक कण उभा राहत नाही.

मग आकार ठरवतं कोण? थेंब एकमेकांवर आपटतात, क्षणभर जुळतात, आतला माल वाटून घेतात आणि सुटतात. एओटीत हजारभर टकरींत एखादीच अशी जुळते. या देवाणघेवाणीचा वेग, केंद्रकं बनण्याचा वेग आणि कणाला चिकटणारं सरफॅक्टंट यांच्या ओढाताणीत आकार ठरतो. आयआयटी मुंबईच्या नटराजन, मेहरा, बेल्लारे, खिलार आदींनी १९९६ साली 'लँगम्युअर'मध्ये याच देवाणघेवाणीचं गणित मांडलं होतं. तरीही चित्र काही बदललं नाही.

१९८२ मध्ये बुटोने आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियमचे कण केले, तेव्हा एकेकट्या धातूचं काम होतं. आपण आता धातू आणि ऑक्साइड एकत्र मागतो, आणि खरा गुंता इथे आहे. बोरोहायड्राइडने चांदी झटक्यात क्षपित होते. टायटॅनियम अल्कॉक्साइडचं जलविघटनही झटपट, पण टीईओएसपासून सिलिका तासन्‌तास घेते. दोन्ही अभिक्रिया एकदम सुरू केल्या तर कंपोझिटऐवजी दोन वेगळ्या पावडरींचं मिश्रण हाती येऊ शकतं. नुसत्या एक्सआरडीत हा फरक कळत नाही, दोन्ही फेजची शिखरं दोन्ही वेळा दिसतात. म्हणून एखाद्या पेपरात 'कंपोझिट' शब्द आहे आणि एकाच कणाचं एलिमेंटल मॅपिंग नाही, तर मी तरी तो शब्द मान्य करत नाही.

सरफॅक्टंटही बिचारं निरुपद्रवी नसतं. सीटॅबमध्ये ब्रोमाइड असतो. त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलंत तर सिल्व्हर ब्रोमाइड बनायची वाट मोकळी. एओटीत गंधक असतं, ते पॅलेडियमच्या उत्प्रेरकाला बाधू शकतं. धुऊन जात नाही म्हणून ४००-५०० अंशांवर भाजलं, तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. मग एवढी काटेकोर साइज कशासाठी सांभाळली, हा प्रश्न व्हायव्हात येणारच.

खर्चाचंही बघा. ०.१ मोलर एओटीच्या एक लिटर मायक्रोइमल्शनमध्ये, वरच्याच प्रमाणात, पाणी फक्त १८ मिलिलिटर. त्यातलं निम्मं चांदीचं, निम्मं क्षपणकाचं. म्हणजे सुमारे ४४ ग्रॅम एओटी खर्चून चांदी मिळते जेमतेम ०.१ ग्रॅम, तीही सगळी हाती लागली तर. हुपरीच्या कारागिराला हे सांगून बघा!

मग पद्धत टाकाऊ का? अजिबात नाही. आधी धातूचा किंवा आयर्न ऑक्साइडचा गाभा करायचा, मग अमोनिया आणि टीईओएसने त्यावर सावकाश सिलिका चढवायची, या कामात ती खरोखर उत्तम चालते, विशेषतः ट्रायटॉनसारख्या आयन नसलेल्या सरफॅक्टंटमध्ये. अभिक्रिया संथ असल्याने नवी केंद्रकं बनण्यापेक्षा आधीच्या गाभ्यावर थर चढणं सोपं जातं, आणि कवचाची जाडी टीईओएसच्या प्रमाणाने हलवता येते. सिनॉप्सिसमध्ये चित्र घालायचंच असेल तर या प्रसंगाचं घाला, आणि थेंब एकमेकांना जुळताना दाखवा.