तळटिपेंतील लोकशाही

परक्या प्रवाशानें एखाद्या देशाविषयीं लिहिलेलें पुस्तक त्या देशाच्याच लोकांनीं पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानून वाचावें, असा योग वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचित् येतो. आलेक्सी द तॉकव्हील या फ्रेंच ग्रंथकाराच्या 'अमेरिकेंतील लोकशाही' या ग्रंथाला तें भाग्य लाभलें आहे. त्याचा पहिला भाग १८३५ सालीं व दुसरा १८४० सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून अमेरिकेच्या राज्यपद्धतीची स्तुति करावयाची असो कीं निंदा, वक्त्याला त्यांतलें एखादें वचन हाताशीं सांपडतेंच. अवतरणांनीं ग्रंथ प्रसिद्ध होतो, पण वाचला जातोच असें नाहीं. म्हणून आम्हीं तो पुन्हां मुळापासून वाचला. आणि वाचून संपल्यावर आमच्या मनांत जें घर करून राहिलें तें त्यांतील कोणतेंहि प्रसिद्ध वचन नव्हे, तर एक तळटीप होय. तिच्याविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

१८३१ च्या मे महिन्यांत तॉकव्हील अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तेव्हां तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. घराणें सरदारी, राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याच्या पणजोबाचा शिरच्छेद झालेला, हातीं न्यायखात्यांतली लहानशी जागा. त्याच्यावर आणि त्याचा मित्र गुस्ताव्ह द बोमोंत याच्यावर सोंपविलेलें काम अमेरिकेंतील तुरुंग पाहण्याचें होतें, व तें दोघांनीं चोख बजावलेंहि. पण खरी जिज्ञासा निराळीच होती. राजा नाहीं, सरदार नाहींत, अशा देशांत लोक आपला कारभार आपणच कसा चालवितात, आणि त्यांत स्वातंत्र्य टिकतें कसें, हें त्यांना पाहावयाचें होतें. सुमारें नऊ महिने ते बोस्टनपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत हिंडले.

ग्रंथाचा गाभा थोडक्यांत सांगतां येईल. देशाची भौगोलिक स्थिति लोकशाहीला साह्य करते, कायदे त्याहून अधिक करतात. पण सर्वांत मोठें साह्य होतें तें लोकांच्या आचारविचारांचें, त्यांच्या अंगवळणीं पडलेल्या संवयींचें. मेक्सिकोनें अमेरिकेच्या धर्तीवर घटना केली, परंतु ती चालविण्याची संवय घटनेच्या कागदाबरोबर आली नाहीं, हा ग्रंथकाराचा आवडता दाखला. या संवयींचें वर्णन आजहि वाचण्याजोगें आहे. न्यू इंग्लंडमधील लहान गांवांचे रहिवासी दरवर्षीं सभा भरवून आपले कारभारी निवडीत, आणि रस्ता, शाळा, गरिबांची सोय हीं कामें आपसांत वाद घालून ठरवीत. ज्युरींत बसलेला साधा मनुष्य दुसऱ्याचा निवाडा करतां करतां स्वतःच न्यायबुद्धि शिके. दारू सोडण्याची जाहीर प्रतिज्ञा एक लाख माणसांनीं केली हें ऐकून तॉकव्हीलला आधीं गंमत वाटली. मागाहून त्याला उमजलें कीं एकट्यानें घरीं पाणी पिण्यापेक्षां संघ करून पाणी पिण्याचें वजन समाजावर अधिक पडतें.

पण बहुमताचें राज्य म्हटलें कीं बहुमताचा जुलूमहि पाठोपाठ येतो, ही धास्ती त्याच्या मनांतून कधीं जात नाहीं. तिची चर्चा चालली असतां पानाच्या तळाशीं ती टीप येते. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील एका गृहस्थाला तॉकव्हील विचारतो, तुमच्या येथले स्वतंत्र कृष्णवर्णीय कर भरतात, मग मत कां देत नाहींत? गृहस्थ दुखावला जातो. कायद्यानें त्यांना मत आहे, असें ठांसून सांगतो. मग मतदानाच्या ठिकाणीं एकहि कसा दिसला नाहीं? ते आपण होऊन येत नाहींत. एवढा विनय कशासाठीं? विनय नव्हे, आल्यास आपले हाल होतील ही भीति. आणि बहुमत विरुद्ध असलें म्हणजे अंमलदाराचेंहि कांहीं चालत नाहीं. असा तो संवाद आहे.

ही टीप ग्रंथाच्या मुख्य सिद्धान्ताचा सर्वांत बळकट पुरावा आहे. कायद्यापेक्षां संवय प्रबळ, हें तॉकव्हीलचें म्हणणें येथें शब्दशः खरें ठरतें. मात्र ज्या समाजाला ग्रामसभेची संवय होती, त्याच समाजाला आपल्या शेजाऱ्याला मतदानापासून दूर ठेवण्याचीहि संवय होती. पुढें १८३८ सालीं त्या संस्थानानें आपल्या नव्या घटनेंत मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरता करून टाकला. म्हणजे कायदाच संवयीच्या मागें जाऊन बसला.

ग्रंथकार आंधळा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रकरणांत त्यानें गोरे, कृष्णवर्णीय आणि मूळचे रहिवासी या तीन जातींची स्थिति मोठ्या कळकळीनें लिहिली आहे. १८३१ च्या अखेरीस, कडाक्याच्या थंडींत, मेंफिस येथें चॉक्टॉ जमातीचीं माणसें म्हातारे, आजारी आणि तान्हीं मुलें घेऊन मिसिसिपी नदी ओलांडतांना त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं. १८३० च्या कायद्यानें तीं आपल्या भूमींतून उठविलीं गेलीं होतीं, आणि हें सारें करारमदार करून, कायद्याचीं सर्व रूपें संभाळून घडत होतें. हा उपरोध त्याच्या नजरेंतून सुटला नाहीं. पण त्याच प्रकरणाच्या आरंभीं तो म्हणतो कीं हे विषय अमेरिकेचे खरे, तथापि लोकशाहीचे नव्हेत, केवळ आनुषंगिक. आमचा मतभेद येथें आहे. लोकांचें राज्य म्हणजे काय हें ठरवितांना 'लोक' कोण, हा प्रश्न आनुषंगिक कसा मानावयाचा?

दुसरी गोष्ट अशी. संवय कायद्याहून बलवत्तर असली, तरी ती आकाशांतून पडत नाहीं. न्यू इंग्लंडच्या ग्रामसभेलाहि आधीं कायद्यानेंच अधिकार दिले होते. त्या अधिकारांतून पुढें संवय जडली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनें वर्णावरून मत नाकारण्याला बंदी झाली. दक्षिणेंतील संस्थानांनीं अक्षरज्ञानाच्या परीक्षा व मतपट्टी बसवून ती बंदी कित्येक वर्षें निष्फळ केली. तेव्हां १९६५ च्या मताधिकार कायद्यानें मध्यवर्ती सरकारचे अधिकारी मतदारांची नोंद करावयास पाठविले. त्यापूर्वीं मिसिसिपी संस्थानांत कृष्णवर्णीयांपैकीं शेंकडा सातांचीहि नोंद नव्हती. १९६७ पर्यंत तें प्रमाण शेंकडा साठांच्या घरांत गेलें. पाठीशीं अंमल असला म्हणजे कायदा संवय बदलूं शकतो. उलट, २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच कायद्याचा एक महत्त्वाचा भाग रद्द केला. जिंकलेली जागा राखावी लागते, हेंहि त्यावरून दिसतें.

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली, ती कृष्णवर्णीयांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. तॉकव्हीलनें जें ग्रंथाच्या कडेला ठेविलें, तेंच फुल्यांनीं आपल्या ग्रंथाच्या माथ्यावर घेतलें. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले. १९४८ सालीं घटनेचा मसुदा मांडतांना घटनात्मक नीति ही लोकांना शिकावी लागते, असें त्यांनीं बजावलें. त्यांत तॉकव्हीलचाच धागा आहे. पण पुढच्याच वर्षीं, मतांत समता व व्यवहारांत विषमता हा विसंवाद फार दिवस चालवितां येणार नाहीं, असा इशारा त्यांनीं दिला. आणि तो इशारा त्या तळटिपेचें उत्तर आहे.

तॉकव्हीलचा ग्रंथ मोठा आहे, आणि आमच्या आक्षेपानें त्याचा मोठेपणा उणा होत नाहीं. आक्षेपाचें साधनहि त्यानेंच प्रामाणिकपणें नोंदवून ठेविलें. आमची विनंति एवढीच, कीं वाचकांनीं ग्रामसभेचें तें सुंदर वर्णन वाचावें, आणि त्या सभेच्या दाराबाहेर कोण उभें आहे हें पानाच्या तळाशीं पाहून मगच पुस्तक मिटावें.