बेंझीनचा अहवाल, पेट्रोलचा निष्कर्ष

ऑक्टोबर १९९५ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियाच्या जल नियंत्रण मंडळाला एक अहवाल सादर केला. विषय होता, पेट्रोल पंपांखालच्या गळक्या टाक्या आणि त्यांमुळे दूषित होणारी माती व भूजल. पर्यावरणविषयक अहवालांत आकडे अनेकदा तोंडी लावण्यापुरते असतात. येथे सारी भिस्तच आकड्यांवर आहे. म्हणून हा अहवाल विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्यांनी बारकाईने पाहण्याजोगा आहे.

टाकी गंजली किंवा नळाचे सांधे सुटले की पेट्रोल मातीतून झिरपत भूजलापर्यंत पोहोचते आणि हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. त्यातील काही घटक पाण्यात विरघळतात व प्रवाहाबरोबर पुढे सरकतात. असा दूषित पाण्याचा पट्टा किती लांब गेला हे वरून दिसत नाही. त्यासाठी टाकीच्या भोवती अरुंद निरीक्षण-विहिरी खणून ठरावीक काळाने नमुने तपासावे लागतात. लेखकांनी २७१ ठिकाणच्या अशा नोंदींवरून बेंझीनच्या पट्ट्यांची लांबी काढली. अब्जात दहा भाग ही मर्यादा धरली, तर सुमारे ९० टक्के पट्टे २५० फुटांच्या आतच थांबलेले आढळले. कारण मातीतील जिवाणू बेंझीन खातात. जेवढे नवे विरघळते तेवढेच खाल्ले जाऊ लागले की पट्टा वाढायचा थांबतो. मूळ गळती बंद केली तर तो आखडूही लागतो.

हे निरीक्षण भक्कम होते. सरसकट सगळीकडे माती उकरणे आणि वर्षानुवर्षे पाणी उपसणे हा पैशाचा अपव्यय आहे, हे लेखकांचे म्हणणेही मला पटते. अडचण पुढे आहे. अहवाल सांगतो की २८,०५१ गळक्या ठिकाणांपैकी केवळ १३६ ठिकाणी, म्हणजे ०.५ टक्के ठिकाणी, पिण्याच्या विहिरींना बाधा झाल्याची नोंद आहे. ‘नोंद आहे’ या शब्दांवर थोडे थांबावे. जेथे जवळची विहीर कोणी तपासलीच नाही, ते ठिकाण छेदात मोजले जाते, पण अंशात येऊ शकत नाही. शिवाय तपासले ते मुख्यतः बेंझीन, आणि शिफारस मात्र झाली इंधनाच्या सफाईबद्दल.

पेट्रोलमध्ये तेव्हा आणखी एक पदार्थ होता: मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर, म्हणजे एमटीबीई. शिसे काढल्यावर ऑक्टेन वाढवण्यासाठी तो अमेरिकेत १९७९ पासून वापरात होता. १९९० च्या कायद्याने धूर कमी करण्यासाठी इंधनात ऑक्सिजनयुक्त पदार्थ घालणे अनेक शहरांत सक्तीचे केले, आणि मग त्याचे प्रमाण शेकडा दहा-अकरापर्यंत गेले. शुद्ध बेंझीन लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमहून कमी विरघळते, एमटीबीई मात्र चाळीस-पन्नास ग्रॅम. तो मातीच्या कणांना फारसा चिकटत नाही आणि जिवाणू त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. साहजिकच तो जवळजवळ पाण्याच्याच वेगाने चालतो. हवा स्वच्छ करण्यासाठी घातलेला पदार्थ पाण्यात उतरला, तो असा.

ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे अहवालाच्या दोनच महिने आधी, सांता मोनिका शहराच्या चार्नॉक येथील विहिरींत एमटीबीई सापडला होता. पुढे त्याचे प्रमाण अब्जात सहाशे भागांवर गेले. पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येण्यास अब्जात काही थोडे भाग पुरतात. १९९६ मध्ये विहिरी बंद झाल्या, शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा गेला आणि बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. चार्नॉकचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात यायला २०१० ची अखेर उजाडली.

दरम्यान डिसेंबर १९९५ मध्ये, अहवालाच्या आधारे, कमी धोक्याच्या ठिकाणी सफाईचा आग्रह सैल करावा अशी सूचना मंडळाने स्थानिक कार्यालयांना दिली होती. दोष एकट्या मंडळाचा नाही. बेंझीनसाठी काढलेला निष्कर्ष पेट्रोलमधल्या इतर घटकांना लागू होईलच असे नाही, हे एक वाक्य अहवालाच्या शिफारशींत ठळक अक्षरांत हवे होते. याच प्रयोगशाळेने १९९८ मध्ये एमटीबीईचा वेगळा अभ्यास केला आणि बाधित ठिकाणे राज्यात दहा हजारांहून अधिक असावीत असा अंदाज दिला. ही दुरुस्ती तिनेच केली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. कॅलिफोर्नियात २००४ पासून पेट्रोलमध्ये एमटीबीई घालण्यास बंदी आहे.

आपल्याकडे हा अहवाल वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. २५० फुटांचा आकडा वाळू-गाळाच्या थरांत खरा ठरतो, कारण तेथे पाणी कणाकणांमधून संथपणे झिरपते आणि जिवाणूंना पुरेसा वेळ मिळतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खाली बेसाल्ट आहे. त्यात पाणी भेगांतून आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यांतून वाहते. तेथे पंपालगतची विहीर स्वच्छ राहून लांबची बिघडू शकते. त्यामुळे पंपापासूनचे अंतर फुटपट्टीने मोजण्याआधी भेगांची दिशा पाहावी लागते, आणि निरीक्षण-विहीर भेगेला लागलीच नाही तर तिचा नमुना स्वच्छ येऊनही त्यावरून काहीच ठरवता येत नाही.