‘डोंबिवली फास्ट’ : समस्या आणि उपाय यांची चिकित्सा

निशिकांत कामत दिग्दर्शित ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटाची चर्चा बहुधा सामान्य माणसाच्या उद्रेकाचे चित्रण या अंगानेच झालेली आढळते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. २००७ मध्ये त्याची तमिळ आवृत्तीही निघाली. तथापि नायकाने योजलेला उपाय कितपत परिणामकारक आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

माधव आपटे (संदीप कुलकर्णी) हा डोंबिवलीहून मुंबईस नित्य ये-जा करणारा बँक कर्मचारी. त्याच्या दिनक्रमाची पुनरावृत्ती दाखविणारी आरंभीची दृश्यमालिका हा चित्रपटाचा सर्वांत सकस भाग होय. घर, लोकल, कचेरी, पुन्हा लोकल : संवादावाचूनच घुसमट प्रत्ययास येते. पुढे छापील किमतीहून अधिक पैसे मागणारा दुकानदार निमित्त ठरतो व माधवच्या हाती बॅट येते. येथून मात्र समस्या आणि उपाय यांचे नाते सैल होत जाते. प्रेक्षकास क्षणिक समाधान मिळते, व्यवस्था जागची हलत नाही. आणि अखेरीस माधवच प्राणास मुकतो.

अमेरिकी ‘फॉलिंग डाऊन’ (१९९३) या चित्रपटाशी त्याची तुलना नेहमी केली जाते. परंतु तेथील नायकाचे एकटेपण डोंबिवलीकरास जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे ठरलेल्या गाडीचा ठरलेला गट असतो. तिघांच्या बाकावर चौथ्यास टेकू दिले जाते, उतरणारा आपली जागा कोणास द्यायची हे आधीच ठरवून ठेवतो. नियमपुस्तकात नसलेली ही व्यवस्था प्रवाशांनी स्वतः घडविली आहे. चित्रपटास डब्यातील कोंडी दिसते, ही घडण फारशी दिसत नाही. अर्थात चौथी सीट हाही अपुराच उपाय. तिने गैरसोय सुसह्य केली आणि अधिक गाड्यांची मागणी कदाचित लांबणीवर टाकली.

या दोहोंच्या मधली, संघटित पाठपुराव्याची वाट पटकथेत जवळजवळ नाही. प्रवासी संघटनांचे कार्य संथ, अर्ज-निवेदनांचे, पडद्यावर नीरस दिसेल असे. म्हणून ते वगळले गेले असावे. ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये, चित्रपटानंतर सुमारे सतरा वर्षांनी. त्यानंतरही ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारातून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांची घोषणा रेल्वेने त्याच दिवशी केली.