पिस्टनचे रसग्रहण

डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीचे पुस्तक हा मराठी समीक्षकांनी साफ दुर्लक्षिलेला वाङ्मयप्रकार आहे. कादंबरीतल्या नायकाच्या एकटेपणावर पंचवीस पानं निघतात. पण ज्या पुस्तकावर आठ-दहा खलाशी घरी परततात, त्यावर एक ओळ नाही. तेव्हा हे काम मीच अंगावर घेतलं. कॉमर्सवाल्याला रसग्रहणाचा अधिकार काय, असं कोणी म्हणेल. अहो, या पुस्तकाचा नायकच मुळी घसारा आहे!

पुस्तकाचा वाचनकाल १ जून ते ३१ जुलै. मासेमारी बंद, सातपाटीच्या होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली. होडीच्या कर्जाच्या तपासणीला फील्ड ऑफिसरच्या मागून मी गेलो, तेव्हा पुस्तक मिस्त्रीच्या पान्यांखाली होतं. तेलाच्या डागांवरून लोकप्रिय प्रकरणं चटकन कळतात.

पिस्टनचं प्रकरण सर्वांत सरस. पिस्टन गोल नसतो, हे लेखक एका वाक्यात सांगून मोकळा होतो! पिनेच्या दिशेला तो किंचित कमी, काटकोनात जास्त. वर बारीक, खाली रुंद. डोकं जाळाजवळ, म्हणून ते जास्त फुगतं. तापल्यावर कुठे सगळा गोल होतो. (आमच्या शाखेत उलट आहे, पण ते असो.) म्हणून मायक्रोमीटर लावायचा तो खाली, पिनेला काटकोनात. डोक्याशी मोजलंत तर कोरा पिस्टनही झिजलेला ठरेल. मग रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजने पाहायची. वरची खाच सर्वांत आधी रुंदावते, तिच्याकडे विशेष लक्ष. सगळ्या प्रकरणात एक विशेषण नाही. आमच्या कवींनी वाचावं.

पण पुढे लेखक कच खातो. ‘मर्यादेबाहेर असल्यास बदला.’ पूर्णविराम! मर्यादेच्या काठावर असेल तर? तारापूरच्या एमआयडीसीत जनरेटर बंद पडला तर फोन करता येतो, माणूस येतो. भर समुद्रात कोण येणार? नाखव्याचा प्रश्न साधा होता, ‘‘मिस्त्री, एक सीझन काढील का?’’ या प्रश्नाला पुस्तकात प्रकरणच नाही.

मिस्त्रीने पिस्टन दाराच्या उजेडात धरला, नख फिरवलं. ‘‘नाखवा, घासलंय बघा कसं, तिरकं. आधी रॉड वाकलाय का बघू. नुसता पिस्टन बदललात तर नवापण असाच खाईल.’’ हीच गोष्ट पुस्तकात आहे. शेवटच्या पानावर, बारीक टायपात, ‘संभाव्य कारणे’ या कोष्टकात! जी पहिल्या पानावर हवी ती.

रॉड वाकलेलाच निघाला. सहापैकी पाच पिस्टन मर्यादेत होते. नाखवा बोईसरला गेला आणि रॉडबरोबर सहाही पिस्टन घेऊन आला. जुने पाच त्यानं गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलेत.